प्रसूतिकक्षातली कंबरदुखी: दोष उचलण्याचा कमी, वाकून थांबण्याचा जास्त

प्रश्न थोडक्यात असा: प्रसाविका म्हणून सात-आठ वर्षं लेबर रूममध्ये काम. ड्युटी संपता संपता कंबर भरून येते, मानेची उजवी बाजू धरते, आणि हल्ली उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की बाटलीचं झाकण उघडवत नाही. "वय झालं, वजन उतरवा, पट्टा लावा" एवढंच ऐकायला मिळतं. शंका तीन आहेत. हा माझाच अशक्तपणा आहे का? पट्ट्याने फरक पडतो का? आणि आता बाईला हवी त्या स्थितीत बाळंत होऊ द्या म्हणतात, मग आमच्या कमरेचं काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कामामुळे जडणारी दुखणी हाच माझा विषय, आणि त्यात लेबर रूममधल्या मंडळींबरोबर बरंच काम झालं आहे. तिसऱ्या शंकेत खरी गोम आहे, म्हणून तिथे जास्त वेळ घेईन.

आधी अशक्तपणाचं बघू. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतल्या आजारांवर लिहिलं, तेव्हा सुइणींना स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. वाकून, हात पुढे करून तासन् तास ताटकळावं लागल्याने त्या कशा थकून जातात, हे त्यात आलं आहे. त्यामुळे दुखणं नवीन नाही आणि तुमच्या एकटीचंही नाही. वयाचा आणि वजनाचा थोडाफार वाटा असेल, पण त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या, टेबलावर काम करणाऱ्या बाईचा अंगठा असा दुखत नाही.

रुग्णालयातली कंबर म्हटली की सगळे उचलण्यावर बोलतात. "गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा" असे भिंतीवरचे तक्तेसुद्धा उचलण्याचेच. लेबर रूममध्ये उचलणं असतं, नाही असं नाही, पण दिवसभराचा हिशेब मांडला तर उचलण्याची मिनिटं फारच थोडी भरतात. बाकी सगळा वेळ जातो अर्धवट वाकून, कमरेत थोडं वळून, हात शरीरापासून लांब धरून थांबण्यात. स्नायू आकुंचन पावलेला राहिला की त्याच्यातला रक्तप्रवाह दबतो. चालताना तोच स्नायू आवळतो, सुटतो, आवळतो, सुटतो, म्हणून तासभर चालून जेवढं दुखत नाही तेवढं दहा मिनिटं वाकून उभं राहिल्यावर दुखतं.

एक साधं उदाहरण घ्या, बाळाचे ठोके ऐकण्याचं. ठोके मधूनमधून ऐकायचे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पहिल्या अवस्थेत (पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या अवस्थेत (तिथून बाळ बाहेर येईपर्यंत) दर ५ मिनिटांनी ऐकायचे, प्रत्येक वेळी निदान एक मिनिट. म्हणजे आठ तासांच्या पाळीत एकाच बाईसाठी पहिल्या अवस्थेत १६ ते ३२ वेळा वाकणं, आणि जोर लावायच्या एका तासात आणखी १२ वेळा. आता दुसरीकडून बघा. शरीराच्या स्थिर ठेवणीबद्दल आयएसओ ११२२६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार धड २० अंशांपर्यंत झुकलेलं चालतं. २० अंशांना एका दमात सुमारे ४ मिनिटं थांबता येतं आणि झुकाव वाढेल तशी मुदत घटत ६० अंशांना जेमतेम १ मिनिटावर येते. त्यापलीकडे वाकून थांबूच नये असं मानक सांगतं. खाट मांडीच्या उंचीला असेल, बाई पलीकडच्या कडेला सरकलेली असेल आणि डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, तिच्या पोटाच्या लांबच्या बाजूला धरायचा असेल, तर तुमचं धड ६० अंशांच्या आसपास सहज जातं. तेच काम, तोच एक मिनिट, खाट वर घेतली आणि बाईच्या त्याच बाजूला जाऊन उभं राहिलं तर २० अंशांत होतं.

मणक्यातल्या गादीवर याचा किती भार येतो? १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या कटिमणक्यांमधल्या गादीत दाब मोजायचं उपकरण बसवून पाहिलं. नुसतं उभं असताना ०.५ मेगापास्कल, पुढे वाकून उभं असताना १.१. हातात काहीही नसताना दुप्पट. माणूस एकच होता, म्हणून आकडे उराशी कवटाळू नका. प्रमाण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यावर मला दिसली नाही. बराच वेळ वाकून राहिलं की पाठीचे अस्थिबंध ताणले जातात आणि सरळ झाल्या झाल्या लगेच आवळत नाहीत. पहिल्या दोन-तीन मिनिटांत बरीचशी भरपाई होते, पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. लेबर रूममध्ये नेमकं उलटं घडतं. बाळ बाहेर येईपर्यंत ओणवं राहायचं आणि वार पडून टाके झाले की तशीच वळून बाईला ट्रॉलीवर घ्यायला हात लावायचा. उसण भरते ती या क्षणी. ओझं फार असतं म्हणून नाही, पाठ अजून सैल असते म्हणून. टाके झाल्यावर नोंदी उभ्याने लिहा, हातमोजे बदला, थोडं मागे झुका, चार पावलं चाला. बाळ-बाळंतिणीला तातडी नसेल तर दोन-तीन मिनिटं अशीच जाऊ द्या आणि मगच ट्रॉलीला हात लावा.

आता तिसरी शंका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतिकाळातील सेवेच्या शिफारशींत सांगितलं आहे की बाईला तिच्या आवडीची स्थिती घेऊ द्यावी, उभ्याच्या स्थितीसुद्धा. ते योग्यच आहे, आणि तुमच्या कमरेच्या नावाने कुणी बाईला पुन्हा पाठीवर पाडून पाय टांगायला निघालं तर मी त्या बाजूला नाही. पण तुमची भीतीही खोटी नाही. बाई उकिडवी बसली, हातागुडघ्यांवर आली, टबात उतरली, की तुमची नजर आणि हात यांची पातळी जमिनीजवळ जाते. तिची स्थिती बदलायला आपण शिकलो, पण आपली स्थिती बदलायला कुणी शिकवलं नाही, गडबड तिथे आहे.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरानस प्रसूतीच्या खुर्चीबद्दल लिहिताना सांगतो की सुइणीने बाईच्या समोर आणि तिच्यापेक्षा खाली बसावं. बसावं, वाकावं नाही! खाट आली, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून काम करायची पद्धत आली, आणि बसण्याचा तो रिवाज मागे पडला. नव्या स्थितींसाठी तोच परत आणायचा आहे. बाई उकिडवी असेल तर तुम्ही बुटक्या स्टुलावर किंवा जाड गादीवर एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे, पाऊल जमिनीवर. दोन्ही गुडघ्यांवर फार वेळ नको, आणि टाचांवर बसकण मारून तर नकोच. उठताना गुडघे बोंब मारतात. बाई हातागुडघ्यांवर खाटेवर असेल तर ही स्थिती तुमच्यासाठी वरदान आहे, कारण खाट तुमच्या कोपराच्या जरा खाली येईल इतकी वर घेता येते आणि सगळं डोळ्यांसमोर येतं. फक्त कुणीतरी खाट वर घ्यायला हवी. टबाच्या काठावरून ओणवं होऊन ठोके ऐकण्याऐवजी बाईलाच पाण्याखाली चालणाऱ्या डॉप्लरसाठी तुमच्या बाजूला सरकायला सांगा, गुडघ्याखाली गादी घ्या, छाती काठावर टेकवा. टबात बाईला भोवळ आली तर एकटीने काखेत हात घालून ओढायचं नाही, तिला उचलून बाहेर काढायची जाळी आणि माणसं कुठून येणार हे तिने पाण्यात पाऊल टाकण्याआधी ठरलेलं असावं.

कोणत्या स्थितीत बाळंतपण करायचं याचा निवाडा बाईने करावा. तुम्ही किती उंचीवर आणि कशावर टेकून असाल, हे तुम्ही ठरवायचं. दोन्ही एकत्र नांदतात.

खाटेच्या उंचीवरून एक निरीक्षण. लेबर रूम पाहायला गेले की मी सर्वांत आधी खाटेचा पेडल शोधते. तो चालतो का हा नंतरचा प्रश्न. बहुतेक वेळा त्याच्यासमोर कचऱ्याची बादली, पायरीचं स्टूल किंवा सलाइनचा स्टँड उभा असतो. बाई शौचालयात जाऊन येते, चढायला सोपं म्हणून खाट खाली घेतलेली असते, आणि ती वर घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण पेडलपर्यंत पाय पोहोचतच नाही. लाखो रुपयांची खाट आणि अडलंय बादलीवर. पाळी सुरू झाली की बादली सरकवा. रात्रीपर्यंत ती पुन्हा जागेवर येईल, पुन्हा सरकवा, आणि शेवटी जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून तिथे काही ठेवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवा.

टाके घालताना कंबरेपेक्षा मान जास्त जाते. दिवा खांद्यामागून असेल तर स्वतःचीच सावली पडते, मग डोकं आणखी खाली जातं. दिवा आधी लावा, खाट आधी वर घ्या, बाईला कडेपर्यंत सरकवून घ्या, स्टूल ओढा, मग सुई हातात घ्या. हे सगळं हातमोजे घालण्यापूर्वी करायचं असतं. निर्जंतुक झाल्यावर हात कुठेच लावता येत नाही, म्हणून "चालवून घेऊ" म्हणत अर्धा तास तसाच जातो. पीव्हीचंही, म्हणजे योनीमार्गातून तपासण्याचंही, तेच: एका पायावर भार, कमरेत पीळ, मान वळलेली. पाय खाटेच्या दिशेने वळवा, पीळ आपोआप जातो.

जोर लावताना पाय धरून ठेवायची सवय मोडायलाच हवी. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के भरतो. ७५ किलोच्या बाईचा एक पाय म्हणजे १२ किलो, आणि कळ आली की ती त्याच पायाने तुम्हाला ढकलते ते वेगळं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या, म्हणजे नायोशच्या, संशोधकांनी २००७ मध्ये रुग्ण हाताळताना एका माणसाने उचलण्याची मर्यादा १६ किलोच्या आसपास सुचवली, तीही अंगाजवळ, न वळता, अनुकूल परिस्थितीत. कमरेवर किंवा खांद्यावर पाय टेकवून तासभर धरणं या हिशेबात बसतच नाही. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायला पाठीतून देतात ते औषध, दिलं असेल तर पाय पूर्ण मेलेलं वजन असतो. तिथे पाय-आधार लावा, किंवा बाईला कुशीवर घेऊन मधे उशा द्या. ट्रॉलीवर घेताना सरकवायची चादर वापरा. ती कपाटात घडी घालून ठेवण्यासाठी नसते.

आणीबाणीत यातलं काही सुचत नाही आणि सुचूही नये. बाळाचा खांदा अडकला की तो सोडवायच्या मॅकरॉबर्ट्स या युक्तीसाठी बाईचे दोन्ही पाय तिच्या पोटाकडे न्यायचे असतात, तेव्हा कोण कसं उभं आहे हे कुणी बघत बसत नाही. म्हणूनच बाकीच्या वेळचा हिशेब राखायचा, की त्या पाच मिनिटांसाठी पाठीत काही शिल्लक असावं. आणि दोन पायांना दोन माणसं, हे सराव करतानाच ठरवावं.

अंगठ्याकडे येते. तुम्ही कारण लिहिलेलं नाही, पण मी अंदाज बांधते: माकडहाडाच्या वरच्या भागावर कळांच्या वेळी अंगठ्याने दाब देणं. बाळाचं तोंड वर असेल तर बाईला कंबरेत असह्य कळा येतात, तिला तो दाब स्वर्गासारखा वाटतो आणि ती "सोडू नका" म्हणते. चिमटीने १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळातल्या सांध्यावर साधारण १२ किलो भार येतो, असं हाताच्या यांत्रिकीच्या अभ्यासांत मोजलं गेलं आहे. अंगठा या कामासाठी नाहीच. तळहाताचा मनगटाजवळचा गादीसारखा भाग वापरा, किंवा मूठ. कोपर सरळ, एक पाय पुढे, आणि हाताने न ढकलता अंगाचा भार झुकवा. मनगट मागे मोडलेलं नको. दोन्ही नितंबांवर बाजूंनी आत दाबण्याची पद्धत आहे, तीही चांगली. सर्वांत चांगलं म्हणजे सोबत आलेल्या माणसाला शिकवणं. त्याला काहीतरी करायला हवंच असतं, आणि त्याचे हात ताजे असतात.

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर मनगटाच्या कडेला झणझणीत कळ आली तर डी क्वेर्वेनचा, म्हणजे अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या आवरणाचा त्रास असण्याची शक्यता आहे. कळ अगदी मुळाच्या सांध्यातच असेल तर तो सांधा. दोन्हींत अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट आणि त्या हालचालीला काही आठवडे रजा लागते. कुठला प्रकार आहे ते प्रत्यक्ष तपासून घ्या, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

पट्टा? नायोशने १९९४ मध्येच म्हटलं होतं की निरोगी कामगारांत पाठीची इजा टाळण्यासाठी पट्ट्याची शिफारस करता येईल इतका पुरावा नाही. दुखणं जोरात असताना दोन दिवस बरं वाटतं म्हणून लावला तर माझी ना नाही, पण पट्टा लावून खालच्या खाटेवर ओणवं राहिलात तर मिनिटं तेवढीच मोजली जातात. हीच गत "उचलण्याचं प्रशिक्षण" या वार्षिक कार्यक्रमाची. नुसतं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळते याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही, हे २००८ च्या एका मोठ्या आढाव्यातही आलं होतं. व्यायामाचं मात्र तसं नाही; नियमित व्यायाम आणि सोबत नीट माहिती, या जोडीने कंबरदुखी पुन्हा उद्भवण्याचा धोका कमी होतो. तुमच्या कामासाठी मी तीनच गोष्टींवर भर देईन: कमरेत न वाकता खुब्यातून झुकायचा सराव, पाऊल पुढे टाकून गुडघ्यात वाकणं, आणि खांद्याच्या पात्यांचे स्नायू. आठवड्यातून दोन-तीनदा, दम लागेल इतपत. ड्युटीनंतर मेलेल्या अंगाने नव्हे.

वरिष्ठांकडे जायचं असेल तर "पाठ दुखते" म्हणून एकटीने जाऊ नका. नॉर्डिक प्रश्नावली म्हणून १९८७ पासून वापरात असलेला साधा फॉर्म आहे. शरीराचे नऊ भाग, आणि गेल्या १२ महिन्यांत व गेल्या ७ दिवसांत तिथे त्रास झाला का. सगळ्या पाळ्यांतल्या सहकाऱ्यांकडून नावाशिवाय भरून घ्या. सोबत मोकळ्या खाटेवर बाहुली ठेवून, सहकारी काम करत असताना बाजूने फोटो काढा (खऱ्या बाळंतिणीचा कधीही नाही) आणि त्यावरून रेबा गुण, म्हणजे शरीराच्या ठेवणीतला धोका सांगणारा आकडा, काढा. ही पद्धत २००० साली आरोग्यसेवेतल्या अशा वेड्यावाकड्या ठेवणी डोळ्यांसमोर ठेवूनच मांडली गेली. गुण १ ते १५. ८ ते १० म्हणजे मोठा धोका, ११ पासून पुढे अतिधोका. खाली घेतलेली खाट, वळलेलं धड आणि मिनिटभर तसंच थांबणं, एवढ्यावर गुण ८ पर्यंत जाऊ शकतो. त्याच कामाचा खाट वर घेतलेला दुसरा फोटो शेजारी लावा. कागदावर दोन आकडे दिसले की दुरुस्त न होणारा पेडल दुरुस्त होण्याची शक्यता वाढते. माणसं कमी असणं, जेवायला न मिळणं, सलग रात्रपाळ्या या गोष्टी दुखणं वाढवतातच, त्याही त्याच कागदावर लिहा, पण आधी पेडल मागा. तो नाकारणं अवघड असतं.

पायात किंवा हातात जोर कमी होत असेल, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येत असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटत असेल तर यातलं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप, अकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हेही दाखवायचंच. बाकी साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नका. जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिलेलं बरं.

आणि अंगठ्यासाठी "हलकी ड्युटी" मागितलीत तर बहुधा बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवतील. तिथे जाण्यापूर्वी विचार करा. पाजायला मदत करताना एका हाताने बाळाचं डोकं, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत स्तन, आणि खाटेवर तिरकं ओणवं, असं एकामागून एक बायकांपाशी करत गेलात तर लेबर रूम परवडली. हात न लावता शिकवा: खुर्ची ओढून तिच्या पातळीला बसा, बाहुलीवर दाखवा, बाळ तिलाच धरू द्या. तेही जमणार नसेल तर नोंदी, समुपदेशन किंवा तपासणीच्या खोलीतलं काम मागा, आणि मागताना किती आठवड्यांसाठी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.